दिवा ते कोपर: पत्ते कोणाच्या वाट्याला?

ठाण्याहून सुटलेली कल्याण धीमी लोकल कळवा, मुंब्रा करत दिव्याला येते. पुढचे स्थानक कोपर. या दोन स्थानकांच्या मध्ये कुठेतरी ठाणे महापालिकेची हद्द संपते आणि कल्याण-डोंबिवली महापालिकेची सुरू होते. डब्यात उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. बाहेर तीच खाजणे, तीच खाडी, रुळांच्या कडेला त्याच इमारती. आकड्यांच्या जगात मात्र तेवढ्या चार मिनिटांत बरेच काही उलटेपालटे होते. दिव्याचा पिनकोड ४००६१२, म्हणजे पहिले तीन आकडे थेट मुंबईचे. डोंबिवली पूर्वेचा ४२१२०१. ठाण्याच्या घरगुती टेलिफोनच्या आधी ०२२, डोंबिवलीच्या आधी ०२५१. ठाण्याच्या गाडीवर एमएच-०४, डोंबिवलीच्या गाडीवर एमएच-०५.

या रेघा कोणी आखल्या आणि कोणत्या बाजूला राहणाऱ्याला काय मिळाले, हा विषय वर्गात काढला की मुले एकदम जागी होतात. कारण प्रत्येकाच्या घरच्या पाकिटावर आणि गाडीवर तो लिहिलेला असतो. मला स्वतःला या विषयाची गोडी लागली ती मात्र एका अडचणीतून. शाळेच्या संगणक कक्षात बसून आम्ही मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरत होतो. मुदत त्याच दिवशी संपत होती. दहा-बारा अर्ज गेले असतील नसतील, तोच पडद्यावर सूचना आली: आपल्या पत्त्यावरून फार विनंत्या आल्या आहेत, काही वेळाने प्रयत्न करावा. फार कुठल्या? आम्ही बाराच पाठवले होते. इंटरनेट पुरवणाऱ्या स्थानिक केबलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "सर, तो पत्ता तुमच्या एकट्याचा नाही. त्याच पत्त्यावर आणखी शंभरेक घरं आहेत. माझ्याकडे मुळात पत्तेच कमी, मी तरी काय करू?"

पत्ते कमी म्हणजे काय? पिनकोड कधी कोणाला कमी पडल्याचे ऐकले नव्हते. या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी पोस्टापासून सुरुवात करून तोक्यो आणि मॉरिशसपर्यंत पोचलो. तोच प्रवास येथे मांडतो.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्या कोकणातले, केळशीचे. दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव असलेले हे गृहस्थ संस्कृतचे नाणावलेले कवी आणि नाटककारही होते. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिपींत लिहिलेले पत्ते आणि त्यांतून टपालाची वर्गवारी करणारा कर्मचारी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. त्यांनी काढलेले उत्तर असे: सहा आकडे, पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीच्या जिल्ह्याचे आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. देशाचे आठ विभाग आणि सैन्याच्या टपालासाठी नववा.

यातला 'वर्गवारीचा जिल्हा' हा शब्द महत्त्वाचा आहे. ठाणे हे ठाणे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण, पण त्याच्या पिनकोडाची सुरुवात ४००, मुंबईप्रमाणेच. त्याच जिल्ह्यातली डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ ही गावे ४२१ मध्ये. म्हणजे पिनकोडाचा जिल्हा आणि मामलेदार कचेरीतला जिल्हा एक नव्हेत. टपालाच्या थैल्या कोणत्या वाटेने जातात आणि कुठे फोडल्या जातात, यावर पिनकोडाची वाटणी बेतलेली असते. दूरच्या गावातल्या पोस्टातील माणसाने पहिले दोन-तीन आकडे पाहिले की त्याचे काम झाले. डोंबिवली पूर्व कुठे आणि पश्चिम कुठे हे त्याला ठाऊक असण्याची गरज नाही. ही युक्ती ध्यानात ठेवावी, कारण पुढे इंटरनेटला नेमकी हीच लागली.

टेलिफोनची गोष्ट आणखी रंजक आहे. शाळेत गणित शिकवणाऱ्यांनी तर ती अवश्य सांगावी. आपल्याकडे आरंभीचे शून्य सोडले तर गावाचा संकेतांक आणि घरचा क्रमांक मिळून दहा आकडे होतात. मुंबई आणि ठाण्याचा संकेतांक २२, दोन आकडी. उरले आठ, म्हणजे कागदावर १० कोटी क्रमांक. कल्याण-डोंबिवलीचा २५१, तीन आकडी. उरले सात, म्हणजे १ कोटी. भिवंडीचा २५२२, चार आकडी. उरले सहा, म्हणजे १० लाख. संकेतांक जितका आखूड तितकी त्या गावाची कोठी मोठी. शिवाय एक अट: एकाचा संकेतांक दुसऱ्याच्या संकेतांकाची सुरुवात असता कामा नये. कल्याणला २५१ ऐवजी २५ दिला असता तर भिवंडीचा २५२२ कल्याणच्याच पोटात गेला असता आणि यंत्राचा गोंधळ उडाला असता. मुलांना पालघरचा २५२५ आणि वसईचा २५० देऊन ही अट तपासायला सांगावी. अर्धा तास छान जातो.

ही रेघ दोन संस्थांमधलीही होती. १ एप्रिल १९८६ पासून मुंबई आणि दिल्लीचे टेलिफोन महानगर टेलिफोन निगमकडे गेले. ठाणे शहर त्या मुंबईत मोजले गेले. डोंबिवली राहिली दूरसंचार खात्याकडे, जे पुढे भारत संचार निगम झाले. ठाणे आणि डोंबिवली यांच्यात रेल्वेने अंतर १४ किलोमीटर. पण डोंबिवलीकराला मुंबईत कचेरीत बसलेल्या भावाशी बोलायचे तर आधी ०२२ फिरवावे लागे, आणि मुंबईकराला डोंबिवलीतल्या आईशी बोलायचे तर ०२५१. काही वर्षे ९५ लावून फोन करण्याची सोय आली. डोंबिवलीतल्या दुकानांच्या पाट्यांवर तेव्हा ९५२५१ असे रंगवलेले असे. आणि ज्यांच्याकडे फोनच नव्हता त्यांच्या पत्रिकांवर, ओळखपत्रांवर असे 'पीपी' क्रमांक, म्हणजे शेजाऱ्याचा. 'जरा वरच्या कुलकर्ण्यांना बोलावता का?' हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे, त्यांना या लेखाचा पुढचा भाग समजायला काहीच जड जाणार नाही.

गाड्यांच्या क्रमांकाविषयी एकच सांगून पुढे जातो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे एमएच-०५ ची गाडी कोणी बंगळुरूला नेली आणि बारा महिन्यांहून अधिक काळ तिथेच ठेवली, तर तिला तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. क्रमांक ज्या प्रदेशाने दिला त्याच प्रदेशात तो मुख्यतः वापरला जावा, अशी ही अट आहे. पुढे मॉरिशसला पोचल्यावर तिची आठवण होईल.

आता इंटरनेट. जाळ्याला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक लागतो. सध्याही मोठ्या प्रमाणावर वापरात असलेली त्याची चौथी आवृत्ती सप्टेंबर १९८१ मध्ये कागदावर पक्की झाली आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्याने ती स्वीकारली. क्रमांक द्विमान पद्धतीचा, ३२ अंकी. म्हणजे एकूण २ चा ३२ वा घात: ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. लिहिण्याच्या सोयीसाठी त्याचे चार तुकडे करून प्रत्येक तुकडा ० ते २५५ मध्ये लिहितात. १९८१ साली जगाची लोकसंख्या साडेचारशे कोटींच्या आसपास होती. माणशी एक पत्ताही नाही, हे गणित कोणी केले असते तर त्याच दिवशी कळले असते. पण तेव्हा संगणक मोजकेच होते आणि हा प्रयोग इतका वाढेल असे आखणाऱ्यांनाही वाटले नव्हते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

पत्ते वाटण्याचे काम सुरुवातीला जॉन पोस्टेल या एका माणसाभोवती फिरत होते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संस्थेत बसून ते क्रमांकांची नोंद ठेवत. कोणी मागितले की द्यायचे. मात्र द्यायचे ते ठरलेल्या तीन मापांनी: अ वर्गाचा गट १ कोटी ६७ लाख पत्त्यांचा, ब वर्गाचा ६५,५३६ चा, क वर्गाचा २५६ चा. वाण्याच्या दुकानात पोते, पायली आणि चिपटे एवढीच मापे असावीत तसे. ज्याला दोन हजार पत्ते हवेत त्याला चिपटे पुरेना, म्हणून पायली दिली जाई आणि उरलेले त्याच्याकडेच पडून राहत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या एका संस्थेकडे १८ ने सुरू होणारे सगळेच्या सगळे, म्हणजे १ कोटी ६७ लाख पत्ते गेले.

त्याच काळात आपल्याकडे काय होते? १९८६ मध्ये अर्नेट हा प्रकल्प सुरू झाला. पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईच्या जुहूतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र एवढे त्यातले भागीदार. अर्नेटला मिळाला ब वर्गाचा गट, १४४.१६ ने सुरू होणारा. ६५,५३६ पत्ते, आणि ते या संस्थांत वाटून घ्यायचे. एका अमेरिकन संस्थेच्या वाट्याला याच्या २५६ पट. कोणी कोणावर अन्याय करावा म्हणून हे झाले नाही. आधी येईल त्याला आधी, एवढाच नियम होता. आणि आधी कोण येणार हे आधीच ठरलेले होते.

१९९० च्या सुमारास दोन संकटे एकदम दिसू लागली. ब वर्गाचे गट संपत चालले. दुसरे संकट वर्गवारीचे. इंटरनेटवर राउटर नावाची यंत्रे पोस्टातल्या वर्गवारी करणाऱ्या कर्मचाऱ्याचे काम करतात. कोणत्या क्रमांकाचे पाकीट कोणत्या वाटेने पाठवायचे याची यादी त्यांच्या स्मृतीत असते. पत्ते मागेल त्याला मागेल तसे वाटल्याने शेजारशेजारचे क्रमांक जगाच्या दोन टोकांना गेले होते, आणि यादी दर काही महिन्यांनी फुगत होती. ४२१२०१ डोंबिवलीला, ४२१२०२ गुवाहाटीला आणि ४२१२०३ मदुराईला, असे पिनकोड दिले असते तर पोस्टाची जी गत झाली असती, ती राउटरची झाली होती.

दोन्हींवर मिळून उपाय निघाला. सप्टेंबर १९९३ मध्ये तीन ठरावीक मापे मोडीत काढण्याची पद्धत आली: गटाचा आरंभीचा भाग हवा तेवढा लांब किंवा आखूड घ्यावा, उरलेले अंक पत्त्यांसाठी. म्हणजे आपल्या २२, २५१ आणि २५२२ चीच युक्ती, फक्त दशमानाऐवजी द्विमानात. आणि दुसरा उपाय प्रदेशांचा. ऑक्टोबर १९९२ मध्ये एलिस गेरिक यांनी लिहिलेल्या मार्गदर्शक टिपणात, आणि मे १९९३ मध्ये निघालेल्या त्याच्या सुधारित रूपात, क वर्गाच्या शिल्लक पत्त्यांची जगाच्या नकाशावर वाटणी सुचवली होती. १९४ व १९५ युरोपला, १९८ व १९९ उत्तर अमेरिकेला, २०० व २०१ मध्य आणि दक्षिण अमेरिकेला, २०२ व २०३ प्रशांत महासागराच्या काठच्या देशांना. काही गट नुसतेच 'इतर' म्हणून ठेवले होते.

भारत प्रशांत महासागराच्या काठावर नाही, हे पाचवीतला मुलगाही सांगेल. तरी आपण त्याच गटात गेलो. दिवा मुंबईत नसून त्याचा पिनकोड मुंबईचा, तसेच हे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने जनतेसाठी इंटरनेट खुले केले. ज्यांनी त्या काळी मोडेमची ती किंचाळी ऐकली असेल त्यांना आठवेल, आपल्या संगणकात भरायचे आकडे २०२.५४ ने सुरू होत. डोंबिवलीकर एसटीडीने ०२२ फिरवून मुंबईच्या केंद्राला फोन लावायचा आणि तेवढ्या वेळापुरता एक पत्ता त्याला उसना मिळायचा. फोन ठेवला की पत्ता दुसऱ्याला.

प्रदेशवार वाटप म्हटले की प्रदेशवार वाटणारा हवा. युरोपची नोंदणी संस्था १९९२ मध्ये उभी राहिली. आशिया-प्रशांत विभागाची एपनिक १९९३ मध्ये तोक्योत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला गेली. उत्तर अमेरिकेची १९९७ मध्ये, लॅटिन अमेरिकेची २००२ मध्ये आणि आफ्रिकेची अगदी शेवटी, २००५ मध्ये आली. या क्रमाकडे लक्ष द्यावे. ज्याची गरज सर्वांत उशिरा जागी झाली, त्याची संस्थाही सर्वांत उशिरा.

पत्ते कोणाला मिळावेत याचे नियमही याच काळात घडले. नोव्हेंबर १९९६ मध्ये लिहिलेल्या नियमांप्रमाणे मागणाऱ्याने गरज दाखवायची: मागितलेल्या पत्त्यांपैकी २५ टक्के लगेच आणि ५० टक्के वर्षभरात वापरात आले पाहिजेत. पत्ता ही मालमत्ता नव्हे, साठेबाजी नको, ही त्यामागची भूमिका. त्याला जोडून आली प्रदेशाची अट: ज्या प्रदेशात तुमचे जाळे आहे, त्या प्रदेशाच्या नोंदणी संस्थेकडे जा. मात्र बाहेरच्या वापराबद्दल पाच संस्थांची भाषा एकसारखी राहिली नाही. कोणी तो चालवून घेतला, कोणी निम्मा-अर्धा चालवला. उदाहरणार्थ उत्तर अमेरिकेच्या संस्थेने पुढे ठरवले की प्रदेशात निदान १०२४ पत्ते खरोखर वापरणाऱ्याचा बाहेरचा वापरही हिशेबात धरावा.

भारतात प्रदेशाच्या आत आणखी प्रदेश होते. नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना इंटरनेट पुरवण्याचे परवाने मिळू लागले. अ वर्ग अखिल भारतासाठी, हमीची रक्कम २ कोटी रुपये. ब वर्ग एका दूरसंचार मंडळासाठी किंवा मुंबई, दिल्ली, पुणे अशा मोठ्या टेलिफोन यंत्रणेसाठी, हमी २० लाख. क वर्ग एका दुय्यम स्विचिंग क्षेत्रापुरता, हमी ३ लाख. ही क्षेत्रे सरकारने नव्याने आखली नाहीत. टेलिफोन खात्याचा जुना नकाशाच परवान्याचा नकाशा झाला. दिवा आणि कोपर यांच्या मधली टेलिफोनची रेघ अशी इंटरनेटच्या धंद्यातही उतरली. गल्लीतला केबलवाला छोट्या परवान्यावर किंवा मोठ्याचा हस्तक म्हणून इंटरनेट देऊ लागला. पत्ते हवेत तर एपनिककडे जायचे. २०१२ पासून दिल्लीत निक्सी या संस्थेखाली भारताची स्वतःची नोंदणी यंत्रणा, आयआरआयएनएन, सुरू झाली, त्यामुळे भारतात नोंदलेल्या संस्थेला घरच्या घरी, रुपयांत शुल्क भरून अर्ज करता येऊ लागला.

पण दार उघडले तेव्हा कोठार रिकामे होत आले होते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गट पाच प्रादेशिक संस्थांना एकेक असे वाटून टाकले गेले. एपनिकच्या वाट्याला आला १०३ ने सुरू होणारा. आशियात मागणी सर्वांत जोरात, त्यामुळे १५ एप्रिल २०११ रोजी एपनिकचा त्याआधीचा साठाही संपला आणि शिधावाटप सुरू झाले: या शेवटच्या गटातून प्रत्येक सदस्याला, मोठा असो की लहान, जास्तीत जास्त १०२४ पत्ते. फेब्रुवारी २०१९ पासून तेही निम्मे, ५१२. आपल्याकडच्या छोट्या पुरवठादारांचे पत्ते १०३ ने का सुरू होतात, याचे कारण हे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २००० साली आपला ३६ चा पूर्ण गट आपण होऊन परत केला होता, तो २०१० मध्ये एपनिककडे आला, ही या इतिहासातली एक सुखद गोष्ट. असे दुसरे उदाहरण मात्र क्वचितच मिळते. २०११ मध्येच नॉर्टेल या दिवाळखोर कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरना विकत घेतले. मालमत्ता नव्हे म्हणून वाटलेल्या वस्तूला अशी किंमत आली. वर उल्लेख केलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेनेही २०१७ मध्ये आपल्या गटातला मोठा भाग विकायला काढला.

आता मॉरिशस. आफ्रिकेची नोंदणी संस्था तिथे आहे. उशिरा आल्यामुळे तिच्याकडे पत्ते उरले होते, आणि जगात इतरत्र ते संपले होते. २०१३ ते २०१६ या काळात सेशेल्समध्ये नोंदलेल्या एका कंपनीने तिच्याकडून सुमारे ६२ लाख पत्ते मिळवले. हे पत्ते मुख्यतः आफ्रिकेबाहेरच्या ग्राहकांना भाड्याने दिले जातात, असा आक्षेप पुढे संस्थेने घेतला आणि ते काढून घेण्याची तयारी केली. कंपनीचे म्हणणे, नियमात असे बंधनच नाही. प्रकरण मॉरिशसच्या न्यायालयात गेले. २०२१ मध्ये संस्थेची बँक खाती गोठली. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने तिच्यावर प्रशासक नेमला. एका खंडाचे पत्ते वाटणारी संस्था संचालक मंडळाविना राहिली.

यात कोणाचे खरे मानायचे? तांत्रिकदृष्ट्या पाहिले तर राउटरला खंड कळत नाहीत. क्रमांक हाँगकाँगमध्ये वापरला काय आणि नैरोबीत काय, पाकीट पोचते. पत्ते जिथे गरज आहे तिथे जावेत, प्रदेशाची रेघ कशाला, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण १९९२ साली रेघ आखली नसती तर २०२ आणि २०३ तरी आपल्यासाठी राहिले असते का, हे मला त्यापुढे विचारावेसे वाटते. उशिरा येणाऱ्यासाठी राखून ठेवलेले ताट आधी जेवलेल्यानेच उचलले तर राखून ठेवण्याला अर्थ उरत नाही. नियम मोघम लिहिला, ही चूक खरी. एमएच-०५ च्या गाडीसाठी आपल्याकडे 'बारा महिने' असे स्पष्ट लिहिलेले आहे. इथे तसा आकडा कोणी घातलाच नव्हता.

आणि डोंबिवलीत त्याचे काय झाले? भारताकडे चौथ्या आवृत्तीचे पत्ते चार कोटींच्या आसपास, लोकसंख्या १४० कोटींवर. अमेरिकेकडे दीड अब्जाहून अधिक. हजारो ग्राहक आणि १०२४ पत्ते असलेल्या केबलवाल्याने मग तोच उपाय केला जो आपण पूर्वी केला होता: पीपी. एक खरा पत्ता, त्यामागे शंभर घरे. बाहेर जाणारा प्रत्येक निरोप कोणत्या घराचा, याची नोंद मधले यंत्र ठेवते आणि उत्तर आले की त्या घरी पोचवते. घरातून बाहेर फोन लावणे सोपे, पण बाहेरच्याने थेट आपल्याला गाठणे अवघड; कुलकर्ण्यांना हाक मारायला मध्ये कोणीतरी लागतेच. आणि एका घराने खोडी केली की शंभर घरांवर दार बंद. आमचे अर्ज त्यातच अडकले होते. पोलिसांचीही तीच अडचण: नुसता पत्ता हाती आला तर शंभर घरे हाती येतात, नेमकी वेळ आणि जोडणीचा पोर्ट क्रमांक यांची नोंद असेल तरच त्यातले एक घर वेगळे काढता येते. त्या दिवशी उरलेले अर्ज आम्ही एका शिक्षिकेच्या मोबाइलवरून भरले आणि ते गेले, कारण मोबाइलचा रस्ता वेगळा होता.

तो वेगळा रस्ता म्हणजे सहावी आवृत्ती. तिचे पहिले रूप डिसेंबर १९९५ मध्येच ठरले होते. पत्ता १२८ अंकी. एकूण पत्ते ३४० वर छत्तीस शून्ये. पण जुनी यंत्रे तिच्याशी थेट बोलू शकत नाहीत, म्हणून ज्यांच्याकडे जुने पत्ते भरपूर होते त्यांना घाई नव्हती. घाई होती ती ज्यांच्याकडे नव्हते त्यांना. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओने आपले नवे जाळे सहाव्या आवृत्तीवरच उभे केले, आणि थोड्याच वर्षांत भारत तिच्या वापरात जगातल्या आघाडीच्या देशांत जाऊन बसला. आज आपल्याकडचे दोन-तृतीयांशांहून अधिक वापरकर्ते ती वापरू शकतात.

हे सारे वर्गात पाहता येते. मुलांना घरच्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता शोधून वहीत उतरवायला सांगा. घरचे वाय-फाय असेल तर बहुधा १९२.१६८ दिसेल. हे १० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांप्रमाणे घरच्या घरी वापरायचे क्रमांक, १९९४ पासून यासाठीच राखलेले. एकाच वेळी लाखो घरांत तोच क्रमांक असतो. घरच्या राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर समजावे की आपण पीपीवर आहोत. हा गट एप्रिल २०१२ मध्ये खास त्यासाठी काढून ठेवला. मग इंटरनेटवर 'माझा पत्ता' दाखवणारी एखादी सेवा उघडून बाहेरच्या जगाला कोणता पत्ता दिसतो ते पाहावे. एकाच केबलवाल्याच्या दोन मुलांचे बाहेरचे पत्ते जुळले की वर्गात गलका होतो.

मोबाइलवरच्या मुलांकडे लांबलचक पत्ता निघेल, अंक आणि रोमन अक्षरे मिसळलेला. त्यातली अक्षरे षोडशमान पद्धतीचे अंक आहेत हे समजावून सांगायला ही नामी संधी. त्याची सुरुवात पाहा: बहुधा २४०१, २४०५, २४०९ असे काहीतरी. ऑक्टोबर २००६ मध्ये पाचही प्रादेशिक संस्थांना नव्या आवृत्तीचे सारख्याच आकाराचे मोठे गट दिले गेले, त्यांत २४०० पासूनचा गट एपनिकला मिळाला. ठाण्याच्या मुलाचा आणि डोंबिवलीच्या मुलीचा पत्ता या वेळी एकाच आकड्याने सुरू होताना दिसेल.